करंगळीने उघडलेला फोन

दादाने फोन पाथर्डीला दुरुस्तीला नेला तेव्हा तो बिघडलेला नव्हता. मला ते माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. ओसरीवर बाज विणत बसून राहिले. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट एवढ्याचंच वाटलं, की उंबरा ओलांडताना फोन त्याच्या खिशातून एकदा बोलला, ‘नवीन आवाजाचा मेसेज’, आणि तो मेसेज माझा होता.

हे मी माझ्यासाठी लिहितेय. लिहितेय म्हणजे फोनपुढे हळू बोलतेय आणि तो लिहून घेतोय. मग त्याला वाचायला लावते, चुकलेलं पुसते, परत बोलते. मी चौथी शिकलेली. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. कोणी पाव्हणा आला की मी अजून आत जाऊन बसते. इथे समोर कोणी नसतं म्हणून बरं जमतं.

चौथीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात माझे डोळे आले. गावात एक जाणता माणूस होता, तो पाल्याचा रस घालायचा. आठ दिवस घाला म्हणाला. आई-बापांनी घातला. दुसऱ्या कोणाला विचारलं नाही, कारण त्या माणसाला सगळे मानत होते. पाऊस लागायच्या आत उजवा डोळा गेला आणि दिवाळीच्या सुमारास डावा. तेव्हा माझी धाकटी बहीण पाळण्यात होती. तिचं तोंड मला तेवढंच आठवतं, टाळूला तेल चोपडलेलं आणि कपाळाला काजळाची तीट. आता तिला दोन मुलं आहेत, पण मी डोळ्यांपुढे आणते ते पाळण्यातलंच तोंड.

आमचं गाव पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या कडेला. दादा, वहिनी आणि मी, असं घर आहे. मी बाजा विणते. लोक लाकडाची चौकट आणून टाकतात, सुंभ नाहीतर नायलॉनची दोरी आणतात, मी विणून देते. या कामाला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. माझ्या बोटांना घट्टे पडून ती सागाच्या सालीसारखी झालीत. चुलीतला तवा मी फडक्याशिवाय उतरवते.

बहीण आणि तिचा नवरा दर वर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जातात. खाली कारखान्याच्या भागात, पाच-सहा महिने. तिथून तिचा फोन यायचा तो दादाच्या फोनवर. दादा तो स्पीकरवर टाकायचा आणि माझ्यापुढे धरायचा. त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. घरातल्या सगळ्यांना ऐकू यावं, एवढंच. वहिनी आत भाकरी थापत असायच्या. फोन आला की थापायचा आवाज थांबायचा.

“आक्का, बरी हायेस का?”

“बरी हाय. तू?”

“बरी हाय.”

“पोरं?”

“पोरं बी बरी.”

मग दादा विचारायचा, टोळी किती कोयत्यांची, ऊस कसा, मुकादम कसा. तिकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माझं बोलणं तेवढ्यात संपलेलं असायचं. किती वर्षं आम्ही दोघी एकमेकींना फक्त बरी हाय म्हणत होतो. ती खरंच बरी आहे का हे मला तिच्या श्वासावरून ओळखावं लागायचं, आणि स्पीकरवर श्वास नीट येत नाही.

फोनचं वेड माझ्या डोक्यात घातलं ते सोनईच्या एका बाईने. अपंगाचा दाखला नवा करायला दादाने मला नगरला नेलं होतं. लांब ओळ होती. दादा चहा प्यायला गेला आणि माझ्या शेजारी कोणीतरी बाई भरभर बोलायला लागली. एकाच सुरात, मध्ये श्वास नाही.

मी कसंबसं विचारलं, “तुमच्याकडं कोन बोलतंय?”

“फोन बोलतोय. माझाच हाय.”

“तुमाला दिसतं का?”

“दिसलं आसतं तर या लायनीत कशाला बसले आसते, बाई?”

तिच्या घरी पिठाची गिरणी होती आणि गिऱ्हाइकांचे फोन तीच घ्यायची. तिने माझा हात धरून फोनवर ठेवला. नुसती गुळगुळीत काच. घरातल्या जुन्या साध्या फोनच्या पाचाच्या बटणावर टिंब होतं, त्यावरून मी बाकीचे आकडे ओळखायचे. ह्याला काही नाही. परातीवरून हात फिरवल्यासारखं.

ती म्हणाली, “पाव्हन्याच्या घरी कशी जातेस? आधी बघतेस कुनाचं घर हाय, मग कडी वाजवतेस. तसंच. एकदा बोट लावलं की नाव सांगतो. दोनदा टिचकी मारली की दार उघडतो.”

मी बोट लावलं. फोन गप्प. परत लावलं. गप्प.

“दाखव बोट,” म्हणाली आणि चाचपून हसली. “हे बोट हाय का खुंटी? काचंला जिती कातडी लागती. दुसरं बघ.”

अंगठा झाला, मधलं झालं. दोरी ओढणारी सगळी बोटं तशीच. शेवटी करंगळी टेकवली. विणताना मी करंगळी वर उचलून ठेवते, तिला दोरी कधी लागत नाही. ती लहानपणी होती तशीच राहिलीय. करंगळी टेकवल्याबरोबर फोन म्हणाला, ‘घड्याळ’.

त्या दिवशी ओळ दुपारपर्यंत सरली नाही ते बरंच झालं. बाईने मला बरंच शिकवलं, आणि शेवटी दोन गोष्टी दोन-दोनदा सांगितल्या. एक, कडेची आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरायची, फोन गप्प केलेला असला तर परत बोलायला लागतो. “ध्यानात ठेव. घरचे एक दिवस बंद करनारच.”

“का बरं?”

“बोलायला लागला की डोळसांना तो चालवता येत न्हाई. ते एकदाच टिचकी मारत्यात आन वाट बघत्यात. मग म्हनत्यात बिघाडला.”

दुसरी गोष्ट, पडदा काळा करता येतो. आपल्याला ऐकू येतं, बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. ती मला तेव्हा तितकी महत्त्वाची वाटली नाही.

पोळ्याला पुतण्या सुप्याहून आला. तिथे कंपनीत आहे. त्याने नवा फोन घेतला होता आणि कोपऱ्यात तडा गेलेला जुना घरी ठेवायला आणला. तो कपाटात जाणार एवढ्यात मी म्हणाले, “मला द्या.”

मी या घरात तोवर कधी काही मागितलेलं नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, “वन्सं, त्याला बटनं न्हाईत. नुसती काच हाय. काय करता घेऊन?”

“तोंड बघीन,” मी म्हणाले.

पुतण्या एवढा हसला की वहिनींनाही हसू आलं. त्याने त्यात बोलण्याचं चालू करून दिलं, मराठी लावली, जुनं एक कार्ड घातलं. जाताना म्हणाला, “आत्या, भावकीच्या ग्रुपात टाकलाय तुझा नंबर. सगळेच हायेत त्यात.” मी हो म्हटलं. भावकीच्या ग्रुपात मला काय करायचंय, असं मनात आलं आणि ते मी विसरून गेले. पुढे ते मला महागात पडलं.

महिनाभर मी त्या काचेवर करंगळी फिरवली. घराचं अंगण जसं पायाला पाठ असतं तसं ते पाठ करत गेले. वरच्या कोपऱ्यात घड्याळ, खाली डावीकडे फोनचं चित्र, त्याच्या शेजारी मेसेजचं. करंगळी थोडी सरकली की भलतंच उघडायचं. एकदा कॅमेरा उघडून अख्खी दुपार मी चुलीचे फोटो काढले म्हणे. एकदा फोन दादाला लागला, तो ओट्यावर बसलेला आणि मी आत. तो फोनवर ‘कोन बोलतंय’ म्हणाला आणि मला त्याचा आवाज दोन्हीकडून ऐकू आला.

वहिनी म्हणायच्या, “त्याला जरा गप बसवा वन्सं. बॅटरी येवढी न् तेवढी सांगत बसतो, माझ्या भाकरीत लक्ष राहात न्हाई.”

दसरा झाला, बहीण निघाली. ट्रॅक्टरला भांडी, शेळी, पोरं बांधून झाल्यावर ती मला भेटायला आली. मी तिच्या कानाशी लागून म्हणाले, “माझा नंबर घे. दादाचा न्हाई, माझा.”

तिने माझं मनगट धरलं. मग म्हणाली, “आक्का, खरंच? आपल्या दोघींत?”

तिच्या त्या दोन शब्दांवरून मला कळलं, तिच्याकडे सांगायचं काहीतरी आहे.

पंधरा दिवसांनी पहिला मेसेज आला. शेजारच्या कोपीतल्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीतल्या, बाईच्या फोनवरून, आवाजाचा. मागे उसाचं पाचट वाजत होतं. ‘आक्का, ह्या बाईचा नंबर हाय. आमच्याकडच्या फोनवर नको, तो मालकांकडं आस्तो. ह्याच्यावर बोल. मला तुझ्याशी एक बोलायचंय, पन तू आधी बोल, ऐकू जातंय का बघू दे.’

मला इतका आनंद झाला की मी घाई केली. बोलायचं चित्र शोधून करंगळीने दाबून धरलं आणि एका दमात बोलले. ‘बाये, लई चांगलं ऐकू येतंय. आता बरी हाय, बरी हाय करायची गरज न्हाई. दादा स्पीकरवर टाकतो, वैनी भाकरी थापायची थांबती आन ऐकती. आता त्यांना कळनार न्हाई. तू मोकळी बोल.’

बोट उचललं, मेसेज गेला. ज्या नावावर माझं बोट होतं ते मी नीट ऐकलं नव्हतं. सोनईच्या बाईने सांगितलेलं, आधी घर बघ, मग कडी वाजव. मी कडी वाजवली ती भावकीच्या ग्रुपाची.

अर्ध्या तासात चुलते ओट्यावर हजर. दादाला म्हणाले, “काय रं, तुमच्यात बातम्या स्पीकरवर लागत्यात म्हनं. किती वाजता येऊ ऐकायला?”

दादाला आधी कळेना. मग चुलत्यांनी आपल्या फोनवर माझा आवाज लावला. माझा आवाज मी पहिल्यांदाच असा बाहेरून ऐकला, आणि मला वाटलं जमिनीत जावं. आत वहिनींनी परात आपटली. चुलते गेल्यावर त्या म्हणाल्या, “मी ऐकती व्हय? मी हात थांबवून ऐकती? बरं झालं वन्सं, सगळ्या गावाला सांगितलंत.”

त्या रात्री पांघरुणात तोंड घालून बहिणीला त्या बाईच्या नंबरावर तेवढंच धाडलं, ऐकू येतंय, बोल. दोन दिवस मी दारात बसले नाही. पाणी भरायला आलेल्या बाया हसायच्या ते माझ्यावरच असं वाटायचं. दोन दिवसांनी बाज विणायला बाहेर यावंच लागलं, कारण बाज दुसऱ्याची होती. दोरी ओढता ओढता माझ्या मनात आलं, मी खोटं काय बोलले? स्पीकर खरा, थांबलेली भाकरी खरी. लाज वाटायची तर ती मला एकटीलाच का? हा विचार माझ्या डोक्यात तोवर कधी आला नव्हता. आल्यावर मात्र तो गेला नाही.

त्याच दुपारी दादाने फोन मागितला. “बघू तरी आजून काय काय धाडलंस.”

मी दिला. तो टिचकी मारायचा, फोन नाव सांगायचा आणि बसून राहायचा. दादा जोरात मारायचा, फोन तेच नाव परत सांगायचा. वर सरकवायला गेला तर हलेना. तो फोन तोंडाजवळ नेऊन म्हणाला, “आरं पन उघड की.” फोन म्हणाला, ‘बॅटरी चौसष्ट टक्के’.

दोन टिचक्या, दादा. एवढंच सांगायचं होतं. मी दोरीला गाठ मारली.

“बिघाडला हा. तूच कायतरी करून ठेवलंस,” म्हणून त्याने तो खिशात टाकला आणि जीपने पाथर्डीला गेला. जाताना उंबऱ्यात तो मेसेज आला. मी उठून म्हणायला हवं होतं, थांब, ते माझं आहे. तोंड उघडलं नाही. वाईट वाटतं ते ह्याचं.

संध्याकाळी दादा आला. “नीट करून आनला. दुकानदार म्हनला, काय न्हाई, नुसतं बोलायचं चालू झाल्तं. बंद केलं त्यानं.” फोन कपाटात गेला. कपाटाला कुलूप नव्हतं. या घरात माझ्यासाठी कुलूप कधी लागलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला, दादाच्या फोनवर. स्पीकर.

“आक्का, बरी हायेस का?”

“बरी हाय. तू?”

तिने आवाज बारीक केला. मग म्हणाली, “आक्का, ऐकलंस का ते?”

दादा म्हणाला, “काय ऐकलं?”

“काय न्हाई दादा. सोमवारी दवाखान्यात जायचंय जरा. पोटात दुखतंय.”

“मग जा की. दाजी हायेत ना संगं?”

“हायेत.”

“बरं मग.”

फोन बंद झाला. त्या दिवशी शनिवार होता. भाकरीचा आवाज आत परत सुरू झाला नव्हता. दादा उठून अंगणात गेला. पोटात दुखतंय म्हणजे काय हे आमच्याकडे भावापुढे बहीण बोलत नाही, आणि भाऊ विचारत नाही. ती ते सात जन्मांत स्पीकरवर बोलली नसती. ती माझ्याशी बोलली होती, आणि तिचं बोलणं कपाटात साड्यांखाली पडलं होतं.

मी उठले आणि कपाट उघडलं. भर दुपारी, वहिनी तिथेच असताना. हात घातला, फोन काढला. कडेची दोन्ही बटणं दाबून धरली आणि मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन. काही नाही. दुकानदाराने काढूनच टाकलं असेल तर? मी बटणं सोडली नाहीत. फोन हातात थरथरला आणि बोलायला लागला.

“वन्सं, ते कपाटात ठिवलंय त्यांनी,” वहिनी म्हणाल्या.

“ठिवलं हुतं. आता मी काढलंय.”

मी ओसरीवर जाऊन अर्ध्या विणलेल्या बाजेच्या कडेवर बसले. करंगळी पदराला पुसली. या वेळी प्रत्येक नाव पुरतं ऐकलं आणि मगच दोनदा टिचकी मारली. फोन कानाला लावला. स्पीकर नाही. तिचा आवाज माझ्या एकटीच्या कानात आला, श्वासासकट.

‘आक्का, मला पाच-सा महिने झाले अंगावरून जातंय. कंबर धरती. मोळी उचलली की जास्त जातं. इथल्या एका डाक्टरनं हात लावून बघितलं आन म्हनला पिशवी काढून टाका, कटकटच मिटंल. मालक बी म्हनत्यात काढू. मुकादम म्हनतो टोळीतल्या चार बायांनी काढली, कायबी झालं न्हाई, खाडे तरी पडत न्हाईत. मला भ्या वाटतंय आक्का. आई आसती तर तिला विचारलं आसतं. तू सांग. तू सांगशील तसं करीन.’

मी ते दोनदा ऐकलं. ती अजून बत्तीस वर्षांचीही नाही. एका माणसाने सांगितलं, सगळे त्याला मानतात, आणि सोमवारी काढायची. माझ्या डोळ्यांत तो पाल्याचा रस पडायचा तेव्हा आई माझं डोकं मांडीवर धरायची आणि म्हणायची, जाणत्यानं सांगितलंय, बरं वाटंल.

मी त्या शेजारच्या बाईच्या नंबरावर फोन लावला. बाईने हाक मारली, पाचट तुडवत बहीण आली.

“आक्का?”

“किती डाक्टरांनी बघितलं तुला?”

“एकानं.”

“फोटो काढला पोटाचा? रक्त तपासलं?”

“न्हाई. हातानंच बघितलं.”

“मग त्याला काय दिसलं? मला हाताला जेवढं दिसतं तेवढंच त्याला दिसलं आसंल.”

तिला हसू आलं आणि मग रडू आलं. मी रडू दिलं. स्पीकरवर आम्ही कधी रडलो नव्हतो.

“बाये, पिशवी काढ का नको काढू, मला कळत न्हाई. मी डाक्टर न्हाई. पन एकाच्या सांगन्यावर काढायची न्हाई. नगरला सरकारी दवाखान्यात बाई डाक्टर आस्तात, तिथं दाखवायचं. मशीनवर बघू दे त्यांना. त्या बी म्हनल्या काढा, तर मी तुझ्या उशाशी बसीन.”

“मालक न्हाई सोडायचे. मुकादम तर न्हाईच न्हाई.”

“त्यांना सांग, दादा येतोय न्यायला.”

“दादा येतोय?”

“येतोय,” मी म्हणाले. दादाला तोवर काही माहीत नव्हतं.

फोन ठेवला तेव्हा दादा माझ्यापुढे उभा होता. त्याच्या विडीचा वास आला.

“काय म्हनत हुती?”

“बायकांचं हाय.”

तो घुटमळला. पाय हलल्याचं ऐकू आलं. “म्हंजे काय?”

“म्हंजे बायकांचं. तू तिला आनायला जा. उद्याच. सोमवारच्या आत.”

“हंगाम टाकून? पागल झालीस का बाई? दाजी काय म्हनतील, मुकादम काय म्हनंल? आन कशासाठी ते बी तू सांगनार न्हाईस.”

“न्हाई सांगनार. तू न्हाई गेलास तर मी जाईन. पाथर्डीच्या स्टँडवर बसून ज्याला त्याला विचारत जाईन, कारखान्याची यस्टी कंची. लोक विचारतील, भाऊ न्हाई का तुला. त्यांना काय सांगायचं ते तू सांग.”

इतकं लांब वाक्य मी दादाशी कधी बोलले नव्हते. उठून कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं म्हणून मी बाजेवरून उठले नाही. त्याला वाटलं असेल मी ठाम बसलेय.

आतून वहिनी बाहेर आल्या. मला वाटलं आता त्या कपाटाचं काढणार. त्या दादाला म्हणाल्या, “जावा. आनायला जावा तिला.”

“तुला काय म्हाईत काय झालंय?”

“मला न सांगता म्हाईत हाय. माझी काढली तवा मी बी एवढीच हुते. तवापासनं पाठ सरळ झाली न्हाई माझी. मला कुनी विचारलं न्हाई, माझं कुनी थांबवलं न्हाई. जावा म्हनते ना.”

त्या परत आत गेल्या. मी वीस वर्षं त्यांचं कण्हणं ऐकत होते आणि मला वाटायचं हा त्यांचा स्वभाव आहे. दर वेळी फोन आला की त्यांचा हात का थांबायचा, ते मला त्या दिवशी कळलं.

दादा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गेला. मेहुण्यांशी त्याचं वाजलं, ते तो कधी सांगत नाही. पण बहिणीला घेऊन आला. नगरला तिला मी आणि वहिनींनी नेलं. मशीनवर बघितलं, रक्त तपासलं. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, जंतू झालेत, औषधं घ्या, ओझं उचलू नका, पिशवी चांगली आहे, ती कशाला काढायची. बाहेर आल्यावर वहिनींनी माझा हात जरा जास्तच घट्ट धरला.

ओझं उचलू नका हे बोलायला सोपं आहे. महिन्याने बहीण परत टोळीत गेली, मोळी उचलायचीच होती. मुकादम टोमणे मारतो, मेहुणे अजून माझ्याशी बोलत नाहीत. पुढच्या वर्षी परत कोणीतरी पिशवीचा विषय काढेल. काढू दे. तिच्याकडे आता विचारायला माणूस आहे आणि त्या माणसाकडे फोन आहे.

फोनवरून घरात अजून एकदा बोलणं झालं. दादा म्हणाला, “ते बोलायचं बंद कर. ठिव वापरायला, पन मला बी उघडता आला पायजे.”

“तुझा येगळा हाय की दादा.”

“घरातला फोन घरातल्याला उघडायला नको?”

“नको,” मी म्हणाले.

तो विडी पेटवत अंगणात गेला. आजवर मी हळूच नको म्हणायचे आणि मग मान खाली घालायचे. या वेळी मान खाली घालायची राहून गेली.

सोनईच्या बाईने सांगितलेली दुसरी गोष्ट मी नंतर शोधून काढली. आता मी पडदा काळाच ठेवते. परवा बहिणीचा मेसेज ऐकत बाजेवर बसले होते. आठ-दहा मिनिटांचा होता. तिकडची थंडी, पोरीच्या वेण्या, कंबर आता कशी आहे, मुकादमाची नक्कल, सगळं. ऐकताना मी एकटीच हसत होते. दादा जवळून गेला, थांबला, वाकून बघितलं असावं, कारण त्याचा श्वास माझ्या हातावर आला.

“ह्यात काय दिसत न्हाई. बंद पडला वाटतं.”

“चालू हाय, दादा,” मी म्हणाले आणि करंगळीने पुढचा मेसेज उघडला.